दोन्ही हात आडवे

धाकटा सहा फूट एक इंच उंच होता, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. कारण त्याच्या आधी ताई होती, पाच वर्षांनी मोठी, आणि आईवडील गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत हीच दोघं उरली होती.

ताई एका दुकानात कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, साचा सुकला की मेणात एकेक दात रचायची आणि शेवटी पक्की झालेली कवळी घासून घासून चकचकीत करायची. एकतीस वर्षं एकाच खिडकीखाली, एकाच बाकावर. माणूस समोर आला की तिची नजर आधी त्याच्या दातांवर जायची, चेहऱ्यावर नंतर. रस्त्यात कुणी हसून ओळख दाखवली तर नाव काही केल्या आठवायचं नाही, पण याचा वरचा डावा सुळा आपण बसवलाय, हे पक्कं ठाऊक असायचं. लग्न तिने केलं नाही. का नाही, याची तीन उत्तरं तिच्याकडे तयार होती आणि विचारणाऱ्याचं तोंड बघून ती त्यातलं एक पुढे करायची.

धाकटा क्रेन चालवायचा. बांधकामावरची ती उंच, एका पायावर उभी असलेली क्रेन. सकाळी शिडीने वर चढायला त्याला वीस मिनिटं लागायची आणि एकदा चढला की तो संध्याकाळीच उतरायचा. डबा वर, पाण्याची बाटली वर, छोटा रेडिओ वर. चौदा वर्षं त्याने काचेच्या त्या केबिनमध्ये काढली. सुटीच्या दिवशी घरी असला की याची अगदी घुसमट व्हायची. खाली फार गर्दी असते, म्हणायचा. ताई म्हणायची, अरे, घरात आपण दोघंच आहोत. तर म्हणायचा, तेच.

वर बसलेल्याला खालचं सगळं दिसतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. भिंती, खांब, स्लॅबच्या कडा मध्ये येतात. म्हणून भार जिथे उतरवायचा तिथे एक माणूस उभा असतो आणि तो हातांनी सांगतो. एक हात वर फिरवला की उचल. हात खाली फिरवला की सोड. दोन्ही हात आडवे पसरले की थांब. धाकट्याचा इशारेवाला नऊ वर्षं एकच होता. ठेंगणा, बोलका, सदा शेंगदाणे चघळणारा. दोघं कामावरून एकत्र निघायचे तेव्हा मागून बघणाऱ्याला हसू यायचं. एक खांब आणि एक कुंडी. तो घरी यायचा, ताईला स्वतःचे दात दाखवायचा आणि म्हणायचा, ताई, यांचं काही खरं नाही, माझा साचा आत्ताच घेऊन ठेवा.

मग एका दुपारी सळ्यांची मोळी उतरवताना ती कलली आणि इशारेवाला तिच्याखाली सापडला. जागच्या जागी गेला.

चौकशी झाली. इशारेवाल्याने थांबण्याचा इशारा न देताच भाराखाली पाऊल टाकलं, चालकाचा दोष नाही, असं कागदावर आलं. ताईचा जीव भांड्यात पडला. धाकट्याला दुसऱ्या आठवड्यात कामावर बोलावणं आलं. तो शिडीपर्यंत गेला, एक हात पहिल्या पायरीवर ठेवून पाच-दहा मिनिटं उभा राहिला आणि चालत घरी परत आला. त्यानंतर तो मागच्या खोलीतून फारसा बाहेर पडला नाही.

महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचं वर्ष झालं. त्याने आपला पलंग खोलीबाहेर काढून ठेवला. जमिनीवर बरं वाटतं, एवढंच म्हणाला. खिडकीला जाड चादर लावली. ताई कामावर गेली की तो भांडी घासून ठेवायचा, गळका नळ दुरुस्त करायचा, इस्त्रीची वायर बदलायचा, आणि ती परत यायच्या आत खोलीत शिरून दार लावून घ्यायचा. घरात कुणीतरी राहतंय हे तिला फक्त झालेल्या कामांवरून कळायचं. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या तो वेळेवर घ्यायचा. वाद नाही, आरडाओरडा नाही, रडणं नाही. तिला कधी कधी वाटायचं, याने एकदा तरी ताट भिरकावून द्यावं.

इशारेवाल्याची बायको एका दवाखान्यात धुलाईच्या खात्यात कामाला होती. ती अधूनमधून यायची. मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत ताईला हळू आवाजात सांगायची, त्यांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. चूक आमच्याच माणसाची होती. कागदावरच आलंय तसं. मी मुलींनाही तेच सांगते, की बाई गं, तुमचे बाबा जरा धांदरटच होते. असं म्हणून ती चहा घ्यायची आणि जायची. दाराआडून कधी हूं की चूं यायचं नाही.

सातव्या वर्षी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, आजारी पडायच्या आधी त्याला काय आवडायचं? ताई म्हणाली, उंचावर बसायला. तसं काहीतरी थोडं थोडं परत सुरू होऊ द्या, बाई म्हणाल्या, जबरदस्ती नको. आता क्रेन काही घरी आणता येत नाही. पण डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर कुणीतरी विसरलेलं एक पत्रक तिला मिळालं. डोंगरातल्या जंगलात झाडांवरून चालण्याची वाट. झाडाझाडांना फळ्यांचे चौथरे बांधलेले, मध्ये दोरीचे पूल, जाळ्या, हलत्या पायऱ्या आणि शेवटी तारेवरून घसरत जाणं. पत्रकावर एक अख्खं कुटुंब हेल्मेट घालून हसत होतं. ताईने सवयीने आधी दात बघितले. खोटे होते, पण काम चांगलं होतं.

तिने ते पत्रक दाराखालून आत सरकवलं. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ या." सात वर्षं ‘नको’ ऐकायची सवय झालेल्या ताईला क्षणभर वाटलं, आपण भलतंच काही ऐकलं.

रविवारी पहाटेच्या बसने दोघं निघाली. तो खिडकीशी बसला. ताईने त्याच्यासाठी जुने बूट पुसून ठेवले होते आणि ते त्याला सैल होत होते. पायही बारीक होतात माणसाचे, हे तिला नवीनच कळलं. घाट सुरू झाल्यावर तो काचेला कपाळ टेकवून खाली दरीत बघत राहिला. एकदा म्हणाला, रस्त्याच्या कडेचे दगड नीट रचलेत. बस्स, तेवढंच. पण ताईने ते वाक्य मनात जपून ठेवलं. डॉक्टरीणबाईंना सांगायला.

वर थंडी होती. जंगल उंच, सरळ बुंध्यांचं. एक लाकडी टपरी, तिच्या भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर कमरेचे पट्टे लटकत होते. तिथला मुख्य माणूस पन्नाशीचा, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा, आवाजाने मऊ. त्याने सगळ्यांना नियम सांगितले. प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन कड्या. एक सोडायची असेल तर दुसरी तारेत अडकलेलीच पाहिजे. दोन्ही एकदम कधीही सुटता कामा नयेत. पिवळी वाट सोपी, निळी मधली, लाल सगळ्यात उंच. ताईने गुडघ्याचं कारण सांगून बाकड्यावर जागा धरली. पर्स मांडीवर, डब्याची पिशवी शेजारी.

धाकट्याने पट्टा चढवला आणि त्याचे हात एकदम बदलले. ताई बघत राहिली. घरी कपात साखर ढवळतानाही दमलेले वाटणारे ते हात भराभर चालू लागले. त्याने बकल ओढून पाहिलं, शिवण अंगठ्याने चाचपली, कडीचा खटका चार वेळा उघडमीट केला. मिशीवाल्याने विचारलं, आधी केलंय वाटतं? धाकटा म्हणाला, क्रेनवर होतो. मिशीवाला म्हणाला, मग मी तुम्हाला काय शिकवणार. आणि दोघं हसले. धाकटा हसला. ताईने मान दुसरीकडे वळवली, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि पट्टे बांधायला रांगेत उभ्या असलेल्या लोकांना त्याचं कारण सांगणं जमलं नसतं.

पिवळी वाट त्याने चालत जावं तशी संपवली. निळ्या वाटेवर त्याच्यापुढे एका कचेरीतला लठ्ठसा कारकून होता, सहलीला आलेला. तो जाळीच्या मधोमध अडकला, पाय भोकात गेला आणि तिथेच त्याने देवाचा धावा सुरू केला. खालून त्याचे सोबती त्याला हसत होते. धाकटा मागून जाळीवर आला, त्याच्या शेजारी थांबला आणि सावकाश सांगू लागला, खाली बघू नका. उजवा पाय वर. आता हात. घाई कुणालाच नाहीये. पाच मिनिटांत तो कारकून पलीकडे पोचला आणि चौथऱ्यावरच्या बुंध्याला त्याने अशी मिठी मारली, की तशी कधी घरच्या माणसांनाही मारली नसेल. जेवायच्या वेळी तो मुद्दाम ताईच्या बाकड्याशी आला आणि म्हणाला, तुमचे भाऊ देवमाणूस आहेत हो.

जेवताना धाकट्याने दोन उकडलेली अंडी खाल्ली, मग ताईच्या वाट्याचं तिसरंही. तोंडात घास असताना बोलत होता. एका पुलाच्या तारेला क्लॅम्प उलटा बसवलाय, मी त्यांना सांगितलं, त्यांनी लगेच माणूस पाठवून बदलून घेतला. वर वास छान येतो. वारा लागला की सगळं झाड हलतं, केबिन हलायची तसंच. ताईने एका शब्दानेही मध्ये तोंड घातलं नाही. भांड्यात दूध तापत असताना आपण नुसतं बघत उभं राहतो, फुंकरही घालत नाही, तशी ती बसून राहिली. मनातल्या मनात ती खूप पुढे गेली होती. पुढच्या महिन्यात परत यायचं. मग इथेच काही काम मिळालं तर. मिशीवाल्याला विचारून बघायचं. पलंग आत ठेवायचा.

दुपारी तो लाल वाटेवर चढला. ताई खालून पायवाटेने त्याच्याबरोबर चालत होती, मान वर करून. हलत्या पायऱ्या झाल्या, एका तारेवरून चालणं झालं, टांगलेल्या ओंडक्यांचा पूल झाला. शेवटचं झाड सगळ्यात उंच होतं. तिथून झिपलाइन सुरू व्हायची. ओढ्यावरून पलीकडच्या उतारावर तार गेली होती. पलीकडच्या चौथऱ्यावर मिशीवाला स्वतः उभा होता. धाकट्याच्या आधी गेलेली बाई तिथे पोचली होती, पण तिची कडी तारेतून निघत नव्हती. म्हणून मिशीवाल्याने धाकट्याकडे तोंड करून दोन्ही हात आडवे पसरले.

धाकटा थांबला.

मिनिटभराने बाई सुटली, बाजूला झाली. मिशीवाल्याने हात वर करून बोलावलं. धाकटा आला नाही. त्याने परत बोलावलं, मग हाक मारली. धाकटा हळूहळू खाली बसला, पाय पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी बुंधा कवटाळला आणि चेहरा सालीवर टेकवला. त्याच्यामागून येणाऱ्या दोघांना मागच्या मागे दुसऱ्या शिडीने उतरवावं लागलं.

ताई खालून हाका मारत होती. आधी साध्या आवाजात, मग जरा रागावून, मग अगदी लहानपणी त्याला अंघोळीला बोलवायची तशा लाडाने. काही उपयोग झाला नाही. मिशीवाला ओढा ओलांडून आला, झाडाच्या मागच्या बाजूच्या लोखंडी पायऱ्यांवरून वर गेला, अर्धा तास धाकट्याशी बोलत बसला आणि एकटाच खाली आला. म्हणाला, तो कुणाला हात लावू देत नाहीये. ओढून काढला तर त्याला लागेल, मलाही लागेल. आम्ही थांबू. पण अंधार पडायच्या आत उतरवावं लागेल, मग आणखी माणसं बोलवावी लागतील. बोलता बोलता त्याने ताईच्या गुडघ्याकडे बघितलं. तिला काय विचारायचंय ते त्याने शब्दांत विचारलंच नाही.

ताईने पर्स त्याच्या हातात दिली. "पट्टा कसा घालतात ते दाखवा," म्हणाली.

बावन्न वर्षांच्या ताईने आयुष्यात स्टुलापेक्षा उंच काही चढलं नव्हतं. त्या पायऱ्या अठ्ठेचाळीस होत्या. तिने मोजल्या, कारण मोजलं नसतं तर ती सातवीवरच थांबली असती. खालून मिशीवाल्याने तिचा दोर धरला होता. गुडघा प्रत्येक पायरीला ‘मी येत नाही’ म्हणत होता. चौथऱ्याच्या कडेवर पोटावर रांगत ती वर आली आणि काही वेळ तशीच पडून राहिली. लाज वाटायलाही श्वास लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

मग ती त्याच्या शेजारी बसली. खाली बघितलं नाही. झाड हलत होतं, खरंच हलत होतं.

शेवटी तो बोलला. तोंड सालीकडेच होतं. "त्याने हात आडवे केले होते, ताई."

"हो, बाईची कडी अडकली होती. आता सगळं मोकळं आहे."

"इथलं नाही म्हणत मी."

ताईने त्याच्याकडे वळून बघितलं.

"तेव्हा. त्याने थांब म्हणून सांगितलं होतं. दोन्ही हात. मला दिसलं. स्पष्ट दिसलं. मध्ये काही नव्हतं, ऊन डोळ्यांवर नव्हतं, काही नव्हतं."

तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. इशारेवाला दिवसातून चाळीस वेळा थांबवायचा. भाराचा पट्टा तिरका दिसला, थांब. वारा आला, थांब. शेंगदाणा घशात अडकला तरी थांब. त्यावरून दोघांची नेहमीच चेष्टा चालायची. त्या दिवशी काम मागे पडलं होतं, चार वाजून गेले होते. हात आडवे झालेले त्याने पाहिले आणि त्याला वाटलं, असेल नेहमीचंच. आणखी हातभर खाली घेऊ, मग थांबू. हातभर. तेवढ्यात मोळीचा अडकलेला पट्टा सोडवायला इशारेवाला पुढे झाला, कारण त्याने थांब सांगितलं होतं आणि नऊ वर्षांत थांब म्हटल्यावर धाकटा कधी थांबला नाही असं झालं नव्हतं.

"चौकशीत विचारलं, इशारा होता का. माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं. एकदाच. मग त्यांनी ते लिहून घेतलं. मग सही करायला सांगितलं."

खाली ओढ्याचा आवाज येत होता. ताईला इशारेवाल्याची बायको आठवली, चहाचा कप खाली ठेवताना बशीचा आवाज होऊ नये म्हणून जपणारी. मुलींना बाप धांदरट होता म्हणून सांगणारी. ती बोलायची तेव्हा दार बंद असायचं, आणि दाराच्या आत, जमिनीवर, हा. प्रत्येक शब्द ऐकत.

"ती यायची, तेव्हा तू ऐकायचास," ताई म्हणाली.

"हो."

"तिला सांगायचं?"

"तू ठरव."

ते दोन शब्द त्याने इतक्या सहज म्हटले, की तिला आधी त्यांचा अर्थच कळला नाही. कळला तेव्हा ते ओझं तिच्याकडे आलेलं होतं. ती त्याचा हात धरायला गेली होती, तिचा हात तसाच मध्ये राहिला. मग तिने धरलाच. हात बर्फासारखा गार होता.

"आता सांगितलंस. थोडं तरी मोकळं वाटतंय का?"

त्याने नीट विचार केला. प्रामाणिक उत्तर द्यायचं म्हणून माणूस जसा थांबतो तसा थांबला. "नाही," म्हणाला. "मलाही वाटलं होतं की वाटेल."

त्यानंतर तो फार त्रास न देता उठला. उतरण्याआधी त्याने ताईचं बकल ओढून पाहिलं, तिची कडी स्वतः दोरात अडकवली, तिला पुढे घातलं आणि पायरी पायरी सांगत खाली आणलं. ‘उजवा पाय. आता डावा. घाई नाही.’ सकाळी कारकुनाशी बोलला होता त्याच आवाजात. खाली मिशीवाल्याने दोघांना गरम पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. भला माणूस. परत कधीही या, म्हणाला. धाकट्याने त्याचे आभार मानले, पट्टा व्यवस्थित गुंडाळून खुंटीवर टांगला.

परतीच्या बसमध्ये तो आतल्या बाजूला बसला. खिडकीपाशी ताई होती. घाटातले दगड तिला दिसत होते, नीट रचलेले. ती मनात हिशेब मांडत होती, आणि तो कुठूनही सुटत नव्हता. त्या बाईला सांगावं, तर तिच्या माणसावरचा डाग जाईल, पण तिने सात वर्षं ज्याच्या घरी बसून चहा घेतला, ज्याला धीर दिला, तोच खोटा निघेल. आणि याचं काय होईल. न सांगावं, तर आतापर्यंत एकट्याने खोटं बोललेला होता, आता दोघं होणार. घर आलं. धाकट्याने बूट काढले, एकावर एक ठेवले, खोलीत गेला. दार लागलं. कडीचा आवाज झाला.

दोन महिन्यांनी इशारेवाल्याची बायको आली. केस पार पिकले होते, एक पुढचा दात पडला होता. ताईने चहा केला. बाई नेहमीचंच बोलली. मोठ्या मुलीचं शिक्षण आटोपलं, तिला बांधकामावरच नोकरी लागतेय, मी नको म्हणते, तुझ्यात वडिलांचा धांदरटपणा उतरला असला तर. ताईच्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. तिने श्वासही घेतला. आणि म्हणाली, "तुमचा दात मी करून देते. उद्या दुकानात या." बाईला इतका आनंद झाला की तिने ताईचे दोन्ही हात धरले. दात छान झाला. ताईने आजवर केलेल्या कामांत इतकी बारकाई कशातच केली नसेल, रंग तीनदा बदलला. तो बसवून घेऊन बाई आरशात बघून हसली, त्यानंतर मात्र ताईने तिला घरी बोलावणं बंद केलं. कधी कामाचं निमित्त, कधी गुडघ्याचं. हळूहळू ती यायची थांबली.

डॉक्टरीणबाईंनी सहलीचं विचारलं, तेव्हा ताईने सांगितलं, निम्मा दिवस चांगला गेला. बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हीच तर सुरुवात असते. गोळ्यांमध्ये थोडा बदल केला. त्याने फरक पडला तो इतकाच, की धाकटा दुपारीही झोपू लागला. भांडी घासणं सुटलं. मग नळ गळायला लागला, तो गळतच राहिला. प्लंबर आला तेव्हा त्याने विचारलं, घरात पुरुष माणूस नाही का? ताई म्हणाली, आहे.

एकदा, त्या सहलीला वर्ष होऊन गेल्यावर, तिने दाराबाहेर बसून विषय काढला. तिचंही वय होत चाललं होतं, एकटीने हे सारं पोटात ठेवून रोज लोकांची तोंडं नीट करत बसणं तिला जड जायला लागलं होतं. ती म्हणाली, आपण दोघं मिळून जाऊ त्यांच्याकडे. मी बोलते, तू नुसता उभा राहा. आतून उत्तर आलं नाही. तिने वाट बघितली. मग आतून अंग वळवल्याचा आवाज आला, चादर सरकल्याचा, आणि पुन्हा शांतता. त्या शांततेत ती बराच वेळ बसून राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण उत्तराची वाट बघतच नाही आहोत. आपला नुसता गुडघा आखडलाय, उठता येत नाही, म्हणून बसलो आहोत.

आता ताई सत्तावन्न वर्षांची आहे. हाताला थोडा कंप आला आहे. मेणात दात रचताना पूर्वीसारखी सरळ रेष येत नाही, म्हणून मालकाने तिला घासण्याच्या कामावर बसवलं आहे. संध्याकाळी ती घरी येते, दाराशी ताट ठेवते, अर्ध्या तासाने उचलते. कधी रिकामं असतं, कधी नसतं. पलीकडच्या रस्त्यावर नवीन इमारत उठते आहे आणि तिथे एक क्रेन उभी राहिली आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी दिसते. ताईने तिकडे पडदा लावून घेतला. दिवसाउजेडीसुद्धा आता स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो.